पासष्ट वर्षांनी पटलेली ओळख

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथल्या जेमतेम ७,८०० लोकांपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा २५ वर्षांचा डॉक्टर गावोगाव फिरला, तेव्हा त्याला एक नवल दिसलं. तरणीताठी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि काही म्हातारे मात्र ठणठणीत! या म्हाताऱ्यांना १७८१च्या साथीत गोवर येऊन गेला होता. मधली ६५ वर्षं तो बेटांवर फिरकलाही नव्हता. तरी त्यांच्या शरीराने त्याला अचूक ओळखलं.

ही ओळख ठेवतं कोण? रक्तातल्या बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी. आपल्याकडे जनुकं जेमतेम वीस हजार आणि जंतूंचे प्रकार तर अगणित. म्हणून अस्थिमज्जेत घडताना प्रत्येक बी पेशी प्रतिपिंडाच्या, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसते आणि हाती येतील तसे जोडते. हे गूढ उकलल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७चं नोबेल मिळालं. या पिसण्यातून कोट्यवधी तऱ्हेची प्रतिपिंडं आधीच तयार असतात. जो विषाणू अजून जन्मलाही नाही, त्याला चिकटेल असंही एखादं त्यांत असू शकतं!

गोवराचा विषाणू शिरला की त्याला चिकटणारी एखादी बी पेशी भराभर दुणावत जाते. लसिकाग्रंथींमध्ये तिच्या पिल्लांच्या जनुकांत मुद्दाम चुका होतात, आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या तेवढ्याच टिकतात. या घडामोडीतली आपल्याला जाणवते ती फक्त मानेतली गाठ. आजार सरल्यावर बहुतेक पेशी मरतात. उरलेल्यांपैकी काही स्मृतिपेशी होतात, तर काही अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात.

गोवराची खोडी मात्र वेगळीच. त्याचा विषाणू आधीच्या जंतूंची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशींनाच मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोवर येऊन गेलेल्या मुलांची इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवराची ओळख पक्की होते, पण आधीच्या कितीतरी ओळखी पुसल्या जातात.

लसीतला दुबळा विषाणू गोवराची ओळख करून देतो आणि जुन्या ओळखींना धक्का लावत नाही. आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास बाळाला दिली जाणारी ही लस एका आजाराबरोबर इतर अनेकांपासूनचं संरक्षणही राखते, ते असं.