शहरातले पाणी (लेखांक 6) : काचेमागचे जिवाणू

गेल्या भागात नळाच्या पाण्यात क्लोरीन का मिसळतात ते पाहिले. जंतू मारणारा हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, हे घरी टाकी असलेल्यांना ठाऊक असते. पण तो टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतो आणि खरे नुकसान पुष्कळदा तिथे होते. माशांच्या टाकीत जिवाणू हवेत कशाला, हे समजून घ्यायला मोठ्या मत्स्यालयात जावे.

मानपाड्याहून बसने ठाणे स्टेशन, दादरला गाडी बदलून चर्नी रोड आणि तिथून चालत तारापोरवाला मत्स्यालय, ही इथल्या अनेक घरांची सुट्टीतली ठरलेली वाट होती. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झाले. सुमारे 8 लाख रुपये खर्च आला, त्यातले 2 लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले. 2015 साली नूतनीकरणानंतर 12 फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदा तिथले मोठे आकर्षण ठरला. कोविडच्या काळात दरवाजे बंद झाले, याची हळहळ अजून जात नाही. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या महानगरात मुलांना जिवंत मासा डोळ्यांसमोर पोहताना बघायला अशी हक्काची जागा हवीच.

आता काचेमागे बघू. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो, टाकीत मात्र साठत जातो आणि अगदी थोड्या प्रमाणातही माशाला मारक ठरतो. त्याला न रंग, न गढूळपणा. पाणी काचेसारखे नितळ दिसते आणि मासा तळाशी धापा टाकत असतो. इथे नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू उपयोगी पडतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटवते. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि तेवढे मासे बऱ्यापैकी सोसू शकतात. साठलेले नायट्रेट अधूनमधून थोडे पाणी बदलून काढावे लागते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून फिल्टरमध्ये वाळू, स्पंज, चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या असतात. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. क्रॉफर्ड मार्केटमधून एकाच दिवशी टाकी आणि डझनभर मासे आणले की पुढच्या काही दिवसांत ते का दगावतात, त्याचे कारण हे आहे. घाबरून आपण सगळे पाणी फेकतो, स्पंज नळाखाली खळाखळा धुतो, आणि जमू लागलेली वस्ती पुन्हा साफ होते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. एका वेळी पाव हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये आणि नवे पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय ओतू नये.

लिस्बन शहरात 1998 साली उघडलेल्या मत्स्यालयाच्या मुख्य टाकीत सुमारे 50 लाख लिटर खारे पाणी आहे. एवढ्या मोठ्या टाकीतही अमोनियाचा प्रश्न चुकत नाही. जिवाणूंच्या जोडीला अशा ठिकाणी बारीक बुडबुड्यांनी फेस काढणारी यंत्रे असतात. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजण्याआधी ती फेसाबरोबर बरेचसे उचलून घेतात. लिस्बनची टाकी 7 मीटर खोल आहे, म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे 7 टन पाण्याचा भार. मोठ्या खिडक्यांना काचेऐवजी जाड ॲक्रिलिक वापरतात ते यासाठीच. तरी धोका संपत नाही. 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातला 10 लाख लिटरचा दंडगोल फुटला आणि सुमारे 1500 माशांपैकी बहुतेक सगळे मेले.

आमच्या मानपाड्याजवळ मात्र हे काम काचेविना, पंपाविना चालते. कोलशेत, गायमुखच्या खाडीकाठी ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या उड्या मारताना दिसतात. त्या चिखलाच्या वरच्या, हवा लागणाऱ्या थरात तेच अमोनिया फोडणारे जिवाणू असतात. थोडे खाली, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरेच जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. वरच्या थरातल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. नाल्यातून मैला बेसुमार आला की पाण्यातला प्राणवायू तो कुजण्यातच खर्च होतो, मग जिवाणू हतबल होतात आणि अमोनिया तसाच राहतो. इथून पुढच्या ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मुंबईत पुन्हा मत्स्यालय उभे राहील तेव्हा परदेशी रंगीत माशांबरोबर आपल्या खाडीतले जिताडा, बोय, चिंबोरी आणि निवटी यांना मुख्य दालन मिळायला हवे, शेजारी फिल्टरही उघडा दाखवायला हवा. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना तिथे बोलवावे, खाडीची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नाही.

हेच जिवाणू मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात माणसांसाठी कसे राबतात आणि तिथे त्यांना हवा पुरवण्यावर एवढी वीज का खर्च होते, ते पुढच्या भागात पाहू.