इंजिन ऑइलची तपासणी: आकड्यावर किती विसंबावे?

वापरलेल्या इंजिन ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी होते ती दोन गोष्टी कळाव्यात म्हणून: ऑइल अजून कामाचे आहे का, आणि इंजिनात कुठे झीज होते आहे का. पनवेल परिसरात दोन्हींची गरज रोजची. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर ट्रेलर कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागतात आणि खोपोलीपुढे भरल्या वजनाने बोरघाट चढतात. तालुक्यातल्या दगडखाणींचे डंपर दिवसभर धुळीत फिरतात. ऑइलच्या रंगावरून मात्र फारसे काही कळत नाही. डिझेल इंजिनातले ऑइल काजळीने लवकरच काळे पडते. तेवढ्यावरून ते खराब झाले असे ठरत नाही.

अहवालातली सर्वांत मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेच्या बाहेरच होते. गाडी रात्रभर उभी राहिली की धातूचे कण तळाशी बसतात, म्हणून नमुना इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच घ्यावा लागतो. डिपस्टिकच्या नळीतून नवी प्लॅस्टिक नळी सोडून हातपंपाने मधल्या थरातले ऑइल ओढतात. ड्रेन प्लगमधून घ्यायचे झाल्यास पहिली धार सोडून देतात. बाटली कोरडी, स्वच्छ हवी. टॉप-अप केल्यावर घेतलेल्या नमुन्यात झिजेचे आकडे उगाच कमी दिसतात. ऑइल किती किलोमीटर चालले, मध्ये किती भर घातली, हे लेबलवर नसेल तर आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

पहिली चाचणी विस्कॉसिटीची, म्हणजे दाटपणाची. १०० अंश सेल्सिअसला स्थिर ठेवलेल्या बाथमध्ये काचेची केशनळी उभी असते. ऑइल दोन खुणांमधले अंतर किती सेकंदांत कापते ते मोजून त्या वेळेला नळीच्या स्थिरांकाने गुणतात. काळ्या ऑइलची कड काचेतून दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोरड्या काचेवरून ऑइल वर चढत जाईल अशी उलट्या प्रवाहाची नळी वापरतात. बाथचे तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्शांत सांभाळावे लागते, कारण ते थोडे सरकले तरी दाटपणा बदलतो. १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या नव्या ऑइलचा आकडा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो. पण काजळी ऑइल दाट करते आणि मिसळलेले डिझेल ते पातळ करते. दोन्ही एकदम घडले तर आकडा अचूक असूनही फसवा ठरतो. म्हणून काजळी, डिझेलचे प्रमाण आणि फ्लॅश पॉइंट वेगळे तपासतात.

टीबीएन ही आम्लाला मारण्याची ऑइलमधली शिल्लक ताकद. ती मोजण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत: एकीत परक्लोरिक आम्ल वापरतात, दुसरीत हायड्रोक्लोरिक. वापरलेल्या ऑइलवर पहिलीचा आकडा सहसा जास्त येतो. त्यामुळे वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

धातू आयसीपी यंत्रावर मोजतात. पातळ केलेले ऑइल आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते. लोखंड लायनरची झीज सुचवते, तांबे बेअरिंगची. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम एकत्र वाढले तर धूळ शिरल्याचा संशय येतो. सोडियम वाढले की कूलंटची गळती तपासतात. मात्र काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण प्लाझ्मात पूर्ण जळत नाहीत. त्यामुळे एखादा भाग तुकड्यांनी फुटत असूनही आयसीपीचा आकडा साधाच दिसू शकतो. अशा वेळी चुंबकीय कण मोजणारी पीक्यू चाचणी उपयोगी पडते.

अचूकता आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या बाबी. चुकीच्या कॅलिब्रेशनचे यंत्र रोज तोच चुकीचा आकडा इमानदारीने देत राहते. म्हणून प्रमाणपद्धतीत दोन मर्यादा दिलेल्या असतात: एकाच प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर दोनदा केलेल्या चाचणीतला फरक, आणि दोन प्रयोगशाळांमधला फरक. दुसरी मर्यादा नेहमी मोठी. फरक या मर्यादेत असेल तर ऑइल बदलले, असा निष्कर्ष काढता येत नाही. भारतात एनएबीएल प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार मान्यता देते. ही मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, म्हणून हवी ती चाचणी तिच्या व्याप्तीत आहे का, हे पाहावे लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना एकच नमुना अनेकांनी तपासण्याच्या तुलना-फेऱ्यांतही भाग घ्यावा लागतो.

गाडीमालकासाठी एका अहवालापेक्षा त्याच गाडीच्या, त्याच प्रयोगशाळेतल्या सलग अहवालांची रांग अधिक भरवशाची. एखादा आकडा अचानक उसळला, तर इंजिन खोलण्याआधी नवा नमुना काढून तीच चाचणी पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही तो आकडा टिकला तरच दुरुस्तीचा विचार होतो. कूलंट किंवा डिझेल स्पष्टपणे मिसळलेले दिसले, तर मात्र दुसऱ्या अहवालासाठी गाडी चालवत ठेवत नाहीत.