कोड लिहिणाऱ्याला नेतृत्व कशाला? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्याण-डोंबिवलीत कुठल्याही इमारतीत चौकशी करा, एक तरी सॉफ्टवेअरवाला निघतोच. सकाळी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोली गाठणारी, नाहीतर घोडबंदर रोडच्या कॅम्पसकडे जाणारी ही पोरंपोरी मी रोज पाहतो, त्यांच्याशी बोलतो. नेतृत्वाचा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "ते मॅनेजरचं काम. आपण आपला कोड लिहावा." हे उत्तर मला फार खटकतं. एक तर ते खरं नाही, आणि त्याची किंमत सगळ्यात आधी डेव्हलपरच मोजतो.

मी इथे नेतृत्व म्हणतो ते पदाला नव्हे. अडलेला निर्णय घेणं किंवा घ्यायला लावणं, आणि तो बिघडला तर पुढे उभं राहणं, एवढाच त्याचा अर्थ धरू.

गैरसमज : कोड चांगला असला की सॉफ्टवेअर चालतं

आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. १९९९ च्या सुमारास तिने आपला कारभार संगणकावर आणायला घेतला. तेव्हा आयुक्त होते श्रीकांत सिंह आणि सॉफ्टवेअर बनवलं एबीएम नॉलेजवेअर या कंपनीने. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी अशी कामं नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर आली. ज्या काळात बहुतेक नगरपालिकांत दाखल्यासाठी टेबलामागून टेबल फिरावं लागत होतं, त्या काळात कल्याणचं नाव देशात ई-गव्हर्नन्सच्या चर्चेत घेतलं जाऊ लागलं. पुढे राज्य सरकारने हाच नमुना इतर शहरांतही न्यायचं ठरवलं.

यात तंत्रज्ञान अद्भुत होतं का? डेटाबेस, फॉर्म आणि पावती छापणारा प्रोग्राम तेव्हा कुठल्याही शहराला विकत मिळत होता. अवघड भाग वेगळाच असतो. एकाच घराची नोंद दोन रजिस्टरांत दोन नावांनी असेल, तर खरी कुठली धरायची? खिडकीवरच्या कारकुनाने दिलेली पावती खात्याच्या प्रमुखाला बंधनकारक की नाही? फाइल किती दिवस पडून राहिली हे वरच्या साहेबाला स्क्रीनवर दिसावं का? पालिकेचं कुठलंही सॉफ्टवेअर बनवताना हे प्रश्न येतातच, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर प्रोग्रामरकडे नसतं. त्यासाठी शब्द टाकला की तो पाळला जाईल असं कुणीतरी वर बसलेलं लागतं. कल्याणच्या प्रयोगाबद्दल बोलताना आयुक्तांच्या पाठबळाचा उल्लेख होतो तो म्हणूनच.

आणखी एक गोष्ट बघा. २७ गावं २००२ मध्ये या पालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. वर्तमानपत्रात ते राजकारण म्हणून छापून आलं. पण कर आकारणीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. ग्रामपंचायतीच्या काळातली थकबाकी कुणाच्या खात्यात दाखवायची? घराला जुना क्रमांक ठेवायचा की नवा द्यायचा? नवा दर कुठल्या तारखेपासून? हे ठरलं नाही तरी महिनाअखेरीला बिलं निघावीच लागतात. मग काय होतं, तर कुणीतरी ज्युनियर रात्री बसून एक डीफॉल्ट टाकतो आणि काम पुढे सरकवतो. न घेतलेला निर्णय असा इफ-एल्समध्ये जाऊन बसतो आणि हजारो घरांना लागू होतो, आणि तो कुणी घेतला हे कुणालाच आठवत नाही.

ज्या डेव्हलपरला हे दिसतं, जो तिथे थांबतो, प्रश्न दोन ओळींत लिहितो आणि योग्य टेबलावर पाठवतो, तो नेतृत्वच करत असतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो.

गैरसमज : वर कुणी नसलं तर डेव्हलपर जास्त चांगलं काम करतात. ओपन सोर्स बघा ना!

बघूच. लायनस टॉरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, आणि त्याच्या कर्नेलच्या मुख्य शाखेत काय जाईल यावर शेवटचा शब्द तीन दशकं त्याचाच राहिला आहे. त्याच्या खाली प्रत्येक भागाचे मेंटेनर आहेत. कुठला भाग कुणाकडे, याची यादी सोर्स कोडमध्येच एका फाइलमध्ये असते. बाहेरून अराजक वाटणाऱ्या या कामात जबाबदारीची वाटणी अनेक कंपन्यांपेक्षा स्पष्ट आहे.

पायथनची गोष्ट अधिक बोलकी आहे. गिडो व्हान रॉसम हा या भाषेचा जनक, आणि भाषेत काय येईल याचा निवाडा वर्षानुवर्षं तोच देत असे. जुलै २०१८ मध्ये, एका छोट्याशा नव्या चिन्हावरून झालेल्या कडाक्याच्या वादानंतर, तो थकून त्या जबाबदारीतून बाजूला झाला. "आता कुणी नकोच, सगळे मिळून बघू," असं म्हणून लोकांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी काही महिने फक्त एका प्रश्नावर चर्चा केली, की यापुढे निर्णय कसे घ्यायचे. वेगवेगळे आराखडे मांडले, मतदान घेतलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं सुकाणू मंडळ कामाला लागलं. जगातल्या उत्तम प्रोग्रामरांच्या एका मोठ्या गटाने ठरवलं की एक माणूस गेला तरी ते काम उरतंच.

गूगलनेही उलटा प्रयोग करून पाहिला होता. २००२ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढूनच टाकले. काही महिन्यांत तो प्रयोग गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या पावत्यांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेजच्या दारात यायला लागलं.

गैरसमज : उशीर झाला की माणसं वाढवायची

याचं उत्तर १९७५ पासून छापील आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी त्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी उशिरा होतो. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि बोलण्याच्या जोड्या भराभर वाढतात : पाच जणांत १०, दहा जणांत ४५, वीस जणांत १९०. तरीही क्लायंट ओरडला की बेंचवरचे चार जण आणून बसवले जातात. अशा वेळी "माणसं नकोत, दोन फीचर पुढच्या रिलीजला ढकला," असं आकड्यानिशी सांगणं अवघड आहे, पण ते सांगू शकतो तो काम आतून ओळखणाराच.

गैरसमज : जो सगळ्यात भारी कोडर, तोच सगळ्यात चांगला लीड

मॅनेजरांचा प्रयोग फसल्यावर काही वर्षांनी गूगलने आपल्याच माणसांची माहिती चाळून शोध घेतला, की चांगला मॅनेजर नेमकं काय करतो. प्रोजेक्ट ऑक्सिजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासातून आठ गुण निघाले. पहिला होता, माणसांना चांगलं शिकवणं. टीमला सल्ला देता येईल इतकं तांत्रिक कौशल्य हा आठवा, म्हणजे शेवटचा. यादीत तो आहे हे मात्र विसरू नका. ज्याला कोडच कळत नाही त्याच्या हाती टीम देणं हीही तितकीच मोठी चूक. पण उत्तम कोडरला बढती म्हणून लीड केलं, त्याला माणसांत रस नाही, तो दिवसभर मीटिंगमध्ये कुढतो आणि रात्री दुसऱ्यांचा कोड स्वतःच पुन्हा लिहितो, हा प्रकार कंपन्यांतून सर्रास दिसतो. टीमचा उत्तम प्रोग्रामर जातो आणि हाती एक नाखूश लीड उरतो. आर्किटेक्टसारख्या तांत्रिक वाटेने वर जाण्याची सोय असेल तर ती धरण्यात कमीपणा मुळीच नाही.

इथेच एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण ती आपल्याकडच्या मुलांना फार छळते. मराठी माध्यमातून शिकून कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा, किंवा मुलगी, कॉलवर गप्प बसते. जो फर्ड्या इंग्रजीत बोलतो तोच लीड होणार, असं तिने मनाशी धरलेलं असतं. वस्तुस्थिती पाहा. टॉरवाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश, व्हान रॉसमची डच. रुबी ही भाषा घडवणारे युकिहिरो मात्सुमोतो जपानी, आणि १९९५ मध्ये बाहेर आलेल्या रुबीची सुरुवातीची बरीचशी माहिती जपानीतच होती. लिनक्सचं काम वर्षानुवर्षं ईमेलवर चालत आलं आहे आणि पायथनमधला प्रत्येक मोठा बदल आधी लेखी प्रस्ताव म्हणून येतो. या क्षेत्रातले मोठे निर्णय बोलण्यापेक्षा लिहिण्यातून झालेले आहेत, आणि लेखी इंग्रजी, साध्या छोट्या वाक्यांचं, सरावाने येतं. कॉलवर तीन मिनिटं बोलता आलं नाही तरी अडचण, पर्याय आणि आपला सल्ला अर्ध्या पानात मांडता आला, तर लोक तो कागद उघडून बसतात. क्लायंटच्या इंग्रजीत जाण्याआधी तोच विचार टीममध्ये मराठीत बोलून घ्यायलाही काही हरकत नाही.

गैरसमज : गडबड झाली की गुन्हेगार शोधणं म्हणजे खंबीर नेतृत्व

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, म्हणून दोन घटना जरा तपशिलात सांगतो. दोन्ही २०१७ मधल्या.

३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत डेटाबेसची दुरुस्ती करत होता. चुकीच्या सर्व्हरवर त्याने डिलीटची कमांड दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले. मग बॅकअप बघायला गेले, तर पाच वेगवेगळ्या पद्धती लावून ठेवलेल्या आणि एकही धड चालत नव्हती. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. कंपनीने काय केलं? दुरुस्तीचं काम सगळ्या जगाला थेट दाखवलं, काय चुकलं ते जसंच्या तसं प्रसिद्ध केलं, आणि त्या इंजिनिअरच्या माथी खापर न फोडता बॅकअप कुणीच तपासत नव्हतं हे मान्य केलं. एका माणसाच्या कमांडमुळे पाच बॅकअप निकामी होत नाहीत. ते आधीच निकामी होते, आणि ते समजलं कारण माणसांनी लपवाछपवी केली नाही.

त्याच वर्षी इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीतून १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या त्रुटीतून चोर शिरले तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, ती बसवली गेली नव्हती. तेव्हाच्या प्रमुखांनी राजीनाम्यानंतर अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं, की एका व्यक्तीने सूचना पुढे पोचवली नाही. पुढे डिसेंबर २०१८ च्या संसदीय अहवालात चित्र वेगळंच आलं : हे टाळता येण्याजोगं होतं, जबाबदारी कुणाची याची स्पष्ट रचनाच नव्हती, आणि संशयास्पद हालचाल टिपणारं उपकरण सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे १९ महिने आंधळं होतं.

ज्या टीममध्ये "कुणी केलं?" हा पहिला प्रश्न असतो तिथे पुढच्या वेळी बग दिसला तरी माणूस गप्प बसतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या टीमचा अभ्यास करून दाखवलं, की जिथे चूक बोलून दाखवायची भीती नसते तिथे माणसं जास्त शिकतात. एस्केलेशनच्या मेलमध्ये ज्युनियरचं नाव लिहून मोकळा होणारा लीड स्वतःची खुर्ची वाचवतो आणि टीमचे डोळे बांधतो.

गैरसमज : मी तर अजून फ्रेशर. माझ्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. जुलैतला एखादा दिवस घ्या. रुळांवर पाणी, गाड्या दिवा-मुंब्र्याच्या आसपास अडकलेल्या, फोनला रेंज नाही, आणि संध्याकाळी रिलीज. डिप्लॉयमेंट कसं करायचं हे ज्याला ठाऊक आहे तो नेमका त्या गाडीत. अशा वेळी पायऱ्या लिहून ठेवलेल्या असतील तर रिलीज होतं, नसतील तर टीम हात चोळत बसते. या पायऱ्या लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. खरं तर नव्या माणसानेच त्या लिहाव्यात, कारण जुन्यांना जे सांगायची गरज वाटत नाही तेच त्याला अडतं. तसंच कोड रिव्ह्यूत "हे का केलं?" असं सभ्यपणे विचारणं. "दोन दिवसांत होणार नाही, चार लागतील," हे पहिल्याच दिवशी सांगणं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्हे. आपल्याकडून बिघडलं असेल तर दुसऱ्याने शोधायच्या आत स्वतः कळवणं.

आणि नोकरी बदलताना पगाराच्या बोलणीआधी, मुलाखत घेणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : "तुमच्याकडे शेवटचं प्रॉडक्शन कधी पडलं, आणि त्यानंतर काय केलं?" समोरचा काय बदललं ते सांगायला लागला तर तिथे शिकायला मिळेल. कुणाला काढलं ते सांगायला लागला, तर दुसरीकडे अर्ज करा.