निष्ठुर नायक आणि त्याचे वाचक

आपल्याकडच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयातली जुनी कादंबरी हाती घेतली, की मूळ लेखकाबरोबर आणखी दहापाच लेखक भेटतात. समासात कोणी शिसपेन्सिलीने ‘वा!’ असे लिहून ठेवलेले असते, कोणी नायकाला दोन शेलक्या शिव्या दिलेल्या असतात, आणि त्या शिव्यांखाली तिसऱ्याच हस्ताक्षरात ‘तुम्हाला काय कळते?’ असा जबाब असतो. ग्रंथपाल या उद्योगाबद्दल दंड करतात आणि ते रास्तच आहे. पण वाचक कादंबरी कशी वाचतात हे ज्याला पाहायचे आहे, त्याने हे समास टाळू नयेत. माझा अनुभव असा, की सज्जन नायकाभोवतीचा कागद बहुधा कोरा राहतो. पेन्सिल चालते ती उर्मट, हट्टी, नायिकेला छळणाऱ्या नायकाच्या पानांवर. आज त्याच नायकाविषयी बोलायचे आहे. उदाहरण मात्र दूरचे घेतो, कारण त्या एका पुस्तकावरून वाचकांनी, टीकाकारांनी आणि पुढे संशोधकांनी शंभर वर्षे वाद घातलेला आहे.

ते पुस्तक म्हणजे ‘द शेख’. १९१९ साली लंडनमध्ये ते प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव ई. एम. हल. या आद्याक्षरांमागे कोण आहे हे मुखपृष्ठावरून कळत नसे. होत्या एक गृहिणी, ईडिथ मॉड हल. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात राहणाऱ्या, एका मुलीची आई. पहिल्या महायुद्धाच्या काळात पती दूर असताना एकटेपणी त्यांनी ही कथा लिहिली. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि बाई एकाएकी प्रसिद्ध झाल्या.

कथानक थोडक्यात सांगतो. डायना मेयो ही आईबापांवेगळी, श्रीमंत घरची इंग्रज तरुणी. भावाने तिला मुलासारखी वाढवलेली; घोडदौड, बंदूक, प्रवास यांत तरबेज. लग्नाचे नाव काढलेले तिला खपत नाही. अल्जीरियातील बिस्क्रा या गावाहून ती कोणाचे न ऐकता वाळवंटाच्या सफरीवर निघते. वाटेत अहमद बेन हसन नावाचा शेख तिला पळवून नेतो आणि तंबूत डांबून तिच्यावर बलात्कार करतो, तोही एकदा नव्हे. लेखिका तो प्रसंग वर्णन करीत नाही. पण काय घडले याविषयी वाचकाला तिळमात्र संशय उरत नाही. डायना पळून जाते, तो पाठलाग करतो, तिच्या अंगाखालचा घोडा गोळी घालून मारतो आणि तिला परत आणतो. आणि याच परतीच्या वाटेवर तिला उमगते, की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत! पुढे दुसरा एक टोळीवाला तिला पळवतो, अहमद तिला सोडवतो, त्यात तो मरणाच्या दारी जाऊन येतो. त्याच्या आजारपणात त्याचा फ्रेंच मित्र डायनाला एक गुपित सांगतो: हा शेख अरब नव्हेच, एका इंग्रज उमरावाचा आणि स्पॅनिश आईचा तो मुलगा. दारुड्या नवऱ्याच्या छळाला कंटाळून ती बाई वाळवंटात आली, तिथे तिला मूल झाले, आणि एका वृद्ध शेखाने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. शेवटी अहमदला पश्चात्ताप होतो आणि तो डायनाला परत पाठवायला निघतो. ती पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावते, तो तिचा हात उडवतो, आणि दोघांचे मीलन होते.

कथा ऐकताना सभागृहात पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. त्या पडायलाच हव्यात. प्रश्न असा, की हे पुस्तक लाखो स्त्रियांनी आवडीने का वाचले?

त्या काळच्या विद्वानांनी या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले. १९३२ साली क्यू. डी. लीविस या विदुषींनी इंग्लंडच्या वाचकवर्गावर एक ग्रंथ लिहिला. त्यात अशा पुस्तकांची गणना कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलींच्या दिवास्वप्नांत केली आहे. उत्तर चूक नाही, पण त्यात एक तुच्छतेचा वास आहे. स्वप्न कोणाला पडते आणि का पडते, हे त्यात येत नाही. १९२१ सालच्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी अधिक भरल्या. युद्धात गेलेल्या तरुणांच्या वाग्दत्त वधू, विधवा, बहिणी त्यांत होत्या. युद्धात या स्त्रियांनी कारखाने चालवले होते. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मतही मिळाले होते. डायनाची घोडदौड आणि तिचा ‘मी कोणाची ताबेदार नाही’ हा बाणा या वाचकांना ओळखीचा वाटला असणार. मग त्याच डायनाचा बाणा मोडला जातो तेही त्यांना का रुचावे?

येथे एक अडचणीची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भल्या घरच्या मुलीने शरीरसुखाची इच्छा धरणे हाच त्या समाजात दोष होता. तेव्हा कादंबरीकाराने युक्ती केली: इच्छा नायिकेची नाही, जबरदस्ती नायकाची आहे, सबब नायिका निर्दोष. वाचणारीही निर्दोष. हे स्पष्टीकरण पुष्कळ अभ्यासकांनी दिले आहे आणि मला ते बऱ्याच अंशी पटते. कायदाही ध्यानात असू द्यावा. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती इंग्लंडमध्ये १९९१ पर्यंत बलात्कार ठरत नव्हती. जी गोष्ट घराच्या चार भिंतींत गुन्हाच नव्हती, ती वाळवंटातल्या तंबूत नेऊन ठेवली, म्हणजे निदान तिच्याकडे पाहता येत होते. अहमदची आई इंग्रज नवऱ्याच्या जाचातून पळून वाळवंटात येते, हा तपशील मला म्हणूनच फार बोलका वाटतो. टीकाकारांनी त्याला द्यावे तितके महत्त्व दिलेले नाही.

दुसरी युक्ती वंशाची. नायक शेवटी युरोपीय निघतो. तो खराच अरब असता तर त्या काळच्या इंग्रज वाचकाने हा विवाह पचवला नसता. अमेरिकेत तर कित्येक राज्यांत भिन्नवंशीय विवाहाला १९६७ पर्यंत कायद्याचीच बंदी होती. म्हणजे अरबाचा पोशाख, अरबाचा तंबू, अरबाचा घोडा आणि तथाकथित अरबी क्रौर्य यांचा आस्वाद घ्यायचा. आणि लग्नाची वेळ आली की झगा झटकून आत इंग्रज उमराव दाखवायचा. खरा अरब खलनायक आहे तो दुसरा टोळीवाला, आणि तो ओंगळच रंगवला आहे. फ्रेंचांनी १८३० पासून बळकावलेल्या देशातल्या माणसांना या कादंबरीत दुसरे कामच नाही. हा आक्षेप १९७८ नंतर, एडवर्ड सैद यांच्या पौर्वात्यवादावरील ग्रंथामुळे, ठळकपणे पुढे आला. पहिल्या वाचकांपैकी फार थोड्यांना तो सुचला असेल.

१९२१ साली पुस्तकावर मूकपट निघाला. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो शेख झाला. चित्रपटवाल्यांनी मूळ बलात्कार गाळला. पडद्यावरचा शेख डोळे वटारतो, पण थांबतो. तरीही बाया चित्रपटगृहांत लोटल्या, आणि अमेरिकेत छेलबटाऊ तरुणाला ‘शेख’ म्हणायची चाल पडली. मला यात एक पुरावा दिसतो. जबरदस्ती काढून घेतली तरी नायकाची मोहिनी कमी झाली नाही. तेव्हा लोकांना हवी होती ती जबरदस्तीच, हे म्हणणे निदान अपुरे आहे. पुरुष प्रेक्षकांचे मत काय होते? १९२६ साली शिकागोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने अग्रलेखात व्हॅलेंटिनोला पुरुषांच्या बायकी होण्याबद्दल जबाबदार धरले, आणि त्याने त्या निनावी लेखकाला मुष्टियुद्धाचे आव्हान दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एकतिसाव्या वर्षी तो वारला. ज्याला बायका धसमुसळा मर्द समजत होत्या त्याला पुरुष बायल्या म्हणत होते, ही मौज नोंदवून पुढे जातो.

वाचकांना प्रत्यक्ष विचारण्याचे कष्ट मात्र पुष्कळ उशिरा कोणी घेतले. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने एका गावातील पुस्तकविक्रेतीच्या गिऱ्हाईक स्त्रियांशी दीर्घ बोलणी केली, ४२ जणींकडून प्रश्नावली भरून घेतली, आणि १९८४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. गावाचे आणि बायांचे नाव तिने बदलून दिले आहे. बहुतेक संसारी, मुलाबाळांच्या आया. तोवर अशा कादंबऱ्यांची नवी लाट आली होती. १९७२ सालच्या कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने ती आणली. तिच्यातही नायक आरंभीच नायिकेवर अत्याचार करतो.

या बायांची उत्तरे वाचून विद्वानांचे अंदाज कोसळतात. कादंबरीत कधीही नसावे असे काय, या प्रश्नाला त्यांनी बलात्कार, नायिकेचा शारीरिक छळ आणि दुःखान्त ही उत्तरे दिली. नायक कसा हवा? बुद्धिमान, मायाळू, आणि विनोदबुद्धी असलेला. म्हणजे त्यांना निष्ठुर नायक नकोच होता! मग वुडिविसबाई त्यांच्या आवडत्या कशा? त्यांचे म्हणणे असे, की तिथे नायकाचा गैरसमज झाला होता; त्याने नायिकेला वेश्या समजले; पुढे तो बदलतो. अत्याचार त्यांना आवडत नव्हता. त्यांनी त्याला कारण जोडून दिले होते आणि मग तो सोसला होता. आणि एक गंमत: पुष्कळ जणी विकत घेण्याआधी शेवटची पाने वाचून पाहत. शेवट गोड असल्याची खात्री झाली, म्हणजे मधल्या कठोरपणाची धास्ती वाटत नसे. आपण रामकथा ऐकताना सीता सापडणार हे जाणूनच अशोकवनात बसतो, तसे काहीसे. आणखी एक उत्तर मला विशेष महत्त्वाचे वाटले. वाचनाचा तो तास हा दिवसातला एकटा आपला तास. त्या वेळी आपण कोणाचे ताट वाढीत नाही, असा भाव त्या बायांनी वारंवार व्यक्त केला.

रॅडवेबाईंना या बायांविषयी आदर होता, पण एक भयही होते. पुरुषाचा तुसडेपणा म्हणजे दडलेले प्रेम, असे वाचायची सवय पुस्तकाने लावली, तर घरातल्या खऱ्या तुसडेपणाकडे बाई कशी पाहील? टॅनिया मॉडलेस्की यांनी १९८२ साली निराळीच बाजू मांडली होती: वाचणारीला नायिकेपेक्षा अधिक माहीत असते, हा गर्विष्ठ शेवटी गुडघे टेकणार हे तिला ठाऊक असते, तेव्हा त्याचा प्रत्येक उर्मटपणा ती जणू हिशेबाच्या वहीत मांडून ठेवते. यात सुडाचे सुख आहे. पुढे १९९२ साली अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिकांनीच आपले म्हणणे एका संग्रहात मांडले. त्यांचा दावा, की यात नायक हाच खलनायकही असतो. त्याला जिंकणे हेच नायिकेचे साहस. त्यांतल्या लॉरा किन्सेल यांनी तर असे सुचवले, की वाचणारी नायिकेच्या जागी असतेच असे नाही. ती पुष्कळदा नायकाच्याच घोड्यावर स्वार असते.

या शेवटच्या मताने मला अडवले, आणि ते मला सर्वांत खरेही वाटते. सत्ता, वेग, रागवायची मुभा, ‘मला वाटेल ते मी करीन’ म्हणण्याची मोकळीक या गोष्टी ज्यांना घरात मिळत नाहीत, त्या कागदावर ती कोणाच्या अंगी पाहतील? मात्र एवढ्याने रॅडवेबाईंचे भय दूर होत नाही. कठोर माणसाला कथेत बदलायला तीनशे पाने लागतात, आणि लेखिका त्याला बदलवणारच असते. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या शंकरमामंजींच्या प्रेमात कोणी पडल्याचे ऐकिवात नाही, कारण हरिभाऊंनी ते शेवटी बदलतील असे वचन कोणाला दिले नव्हते.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारले, की असली पुस्तके वाचनालयात ठेवावीत काय? मी उत्तर देण्याआधीच मागच्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठल्या. त्या म्हणाल्या, “ठेवा की. मी ‘शेख’ लग्नाआधी वाचला होता आणि सूनबाईच्या कपाटात सापडला तेव्हा साठीनंतर पुन्हा वाचला. पहिल्या वेळी मला घोडा मेला त्याचे रडू आले होते. दुसऱ्या वेळी घोड्यापर्यंत पोचलेच नाही. त्याच्या आधीच पुस्तक मिटले.” गृहस्थ खाली बसले. मग कोणीतरी विचारले, सूनबाईने पुरते वाचले का? बाई म्हणाल्या, “तिला विचारले नाही. पण समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्या घोड्याच्या अगोदरच्या पानांवर होत्या.”