कलाशिक्षणाचे पहिले वर्ष : नजर घडविण्याचे वर्ष

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की काही पालक आपल्या मुलामुलींना घेऊन आमच्याकडे येतात. "पोट्टा चित्रं चांगले काढते जी, पण त्याच्यानं पोट भरते काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तो चुकीचा नाही. आपल्या वस्त्यांमधून हाती ब्रश धरणारे पुष्कळ तरुण निघाले. १४ एप्रिलच्या कमानी, भिंतीवरील अक्षरे, दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगविल्या. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि पेंटरचे काम बसले. हात तयार होता, पण त्याला शिक्षणाची जोड नव्हती. नवीन पिढीवर ही पाळी येऊ नये, म्हणून कलामहाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात काय शिकवितात, हे येथे थोडक्यात सांगत आहोत.

दृश्यकलेची पदवी, म्हणजे बी.एफ.ए., चार वर्षांची असते. पहिले वर्ष पायाभूत असते. चित्रकार, शिल्पकार किंवा जाहिरातीचा कलाकार, कोणीही व्हायचे असो, सुरुवात येथूनच. शाखेचा अभ्यास त्यानंतर. या वर्षी सुंदर चित्र काढण्यापेक्षा नीट पाहण्याला अधिक महत्त्व असते.

वस्तुचित्राचे उदाहरण घ्या. समोर पाण्याचा गुंड ठेवला तर नवखा विद्यार्थी त्याचे तोंड लंबगोल काढतो आणि बूड मात्र सरळ रेषेने संपवितो. बूड जमिनीवर सपाट टेकलेले असते, हे त्याला ठाऊक असते. तो ठाऊक असलेले काढतो, दिसणारे काढीत नाही. प्रत्यक्षात बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने त्याची कड तोंडापेक्षाही जास्त वाटोळी दिसते. ही एक चूक सुधारली की नजर सुधारू लागते.

दुसरा विषय संकल्पचित्राचा. एकच आकार पुन्हा पुन्हा मांडून लय कशी साधते, रिकामी जागा कोठे सोडावी, हे येथे शिकवितात. आपल्या बुरूड बांधवांच्या घरी हा धडा रोज गिरविला जातो. बांबूची एक कामटी वर आणि एक खाली घेतली तर तट्ट्यावर चौकटी उमटतात. दोन वर, दोन खाली घेऊन प्रत्येक ओळीत एक घर सरकविले तर तिरप्या रेषा धावू लागतात. सपाट कामट्यांतून सूप किंवा टोपली उभी राहते, तेव्हा तेच त्रिमितीय संकल्पन होते.

रंगाचेही तसेच. सागाचे कोवळे पान चोळले की तळहात लाल होतो, पळसाच्या फुलांचे पाणी पिवळे-केशरी होते, हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग उठून दिसतो आणि का, हे मात्र शिकावे लागते. अक्षरलेखनात दोन अक्षरांमधील अंतर पट्टीने नव्हे, डोळ्याने मोजण्याची सवय लावतात. हे ज्ञान यंत्र आल्याने वाया जात नाही. संगणकावर वापरला जाणारा 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. तेही मुळात अक्षरांचेच अभ्यासक होते.

असा पायाभूत वर्ग प्रसिद्ध झाला तो जर्मनीतील बाउहाउस या शाळेमुळे. ती १९१९ साली वायमार येथे सुरू झाली. तेथे योहानेस इटेन विद्यार्थ्यांना प्रथम लाकूड, कापड, कागद हाताळायला लावीत. आपल्या देशात १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याची उत्तम संकल्पन म्हणून वाखाणणी केली. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली.

त्याही आधी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढीत होते. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना अशा साध्या द्रव्यांतून बुद्धजीवनाची ती चित्रे कशी साकारली, हे त्यांनी रेषेमागून रेष काढून जाणले.

आता प्रवेशाविषयी. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी चालते. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान यांची तयारी हवी. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या तर सराव आपोआप होतो. आपल्याला जवळचे शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपूरचे. सिरोंचा, भामरागडच्या मुलांना तेही दूरच, म्हणून राहण्याजेवणाची चिंता आधी येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. त्यांच्या अटी वेळीच पाहून घ्याव्यात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच करावा. कागदाअभावी हुशार मुलांची वर्षे गेलेली आम्ही पाहिली आहेत.

पदवी मिळाली की नोकरी दारात उभी राहील, असे आम्ही म्हणणार नाही. पण पुस्तकांची मांडणी, वेष्टने, वस्त्र, रंगमंच, चलचित्रे, कलाशिक्षण अशी अनेक दारे या वाटेवर आहेत. साधन बदलले तरी शिकलेली नजर ते साधन आपलेसे करते.

तेव्हा पालकांनी मुलांच्या हातातील पेन्सिल काढून घेऊ नये. विद्यार्थी मित्रांनी महागड्या रंगांची वाट पाहू नये. घरातला पाण्याचा गुंड समोर ठेवा, जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर रोज एकदा काढा, आणि त्याचे बूड नीट पाहा. पहिल्या वर्षाचा पहिला धडा तेथूनच सुरू होतो.