जुन्नरचा मुक्काम

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे निघालं की पिंपळवंडी लागतं. पर्यटकांच्या गाड्या इथं सहसा थांबत नाहीत. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर एका दिवसात उरकून रात्री घर गाठायचं, असाच बहुतेकांचा बेत असतो. जुन्नरला येऊन वस्तीला न राहणं ही मात्र अगदी अलीकडची रीत. या मुलखात माणसं दोन हजार वर्षं मुक्काम करत आली आहेत.

कोकणातून नाणेघाट चढून आलं की पहिला आसरा कातळातल्या लेण्याचा. आत तीन बाजूंना दगडी ओटे, भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या लेण्यात बसला आहे, ते मुळात भिक्खूंच्या राहण्याचं. आणि शिवनेरीच्या पोटातल्या एका लेखात चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. परमुलखातल्या माणसानं इथं पंगतीची सोय करून द्यावी, याचं मला फार मोल वाटतं.

पंधराव्या शतकात, बहमनी अमदानीत, रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलहून जुन्नरला आला. पावसानं त्याला दोन महिने अडकवलं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. इथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावलं. एका खुरासानी गृहस्थानं मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. एवढं सोसूनही त्यानं उतारूंच्या घरांची आवर्जून नोंद केली. व्यापारी तिथं उतरतात, घरधनीण त्यांना रांधून घालते, अंथरूण घालून देते. दारूचाही उल्लेख तो करतो, पण ती नारळाची.

द्राक्षाची वाइन यायला पुढे पाचशे वर्षं गेली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात शातो इंडाज ही वाइन कंपनी उभी केली. फ्रेंच तंत्राची मदत घेऊन बनवलेली तिथली फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशात गेली. कंपनी पुढे बंद पडली, वाइनचं नाव नाशिकशी जोडलं गेलं. द्राक्षबागा राहिल्या. २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं.

पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधल्या जातात त्या शेताच्या कडेला, सिमेंटच्या आणि पत्र्याच्या. इकडे गावठाणातल्या जुन्या वाड्यांना कुलपं. खरं तर तेच दुरुस्त करून पाहुण्यांना देता येतील. खांब शाबूत असतात. माळवदातून पाणी मुरतं आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. सगळी तुळई काढावी लागत नाही. कुजका भाग कापून तिथं जुन्या सागाचा जोड द्यायचा. गिलावा चुन्याचाच हवा. कळीचा चुना विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात, तो औषधांसाठी बाहेर जातो. त्यातला थोडा इथल्याच भिंतींना लागावा. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरत जाते.

अडचण येते हिश्शांची. एका वाड्यावर तीन पिढ्यांची नावं, कुणी पुण्यात, कुणी मुंबईत. पैसे घालायचे कुणी? इतरत्र हे जमलं आहे. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये ‘पंजिम इन’ हे हॉटेल एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या घरात चालतं. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची गढी हॉटेल झाली, पण त्यामागे मोठं भांडवल होतं. आपल्याकडच्या भावकीला झेपेल ते लहान काम: एक सोपा स्वतःकडे ठेवायचा, दोन-तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंद करायची. रांधणाऱ्या बाईचं नाव त्या नोंदीत आणि बँकेच्या खात्यावर असावं, हा माझा आग्रह आहे.

पावसाळी हवेत चुना लवकर वाळत नाही, म्हणून माळवद उघडायचं ते दिवाळीनंतर. मृग लागायच्या आत ते पुन्हा बंद व्हायला हवं.