दूरचित्रवाणीच्या पैशाची वांटणी

एकट्या संघास, तो कितीही बलाढ्य असो, सामना खेळतां येत नाहीं, प्रतिपक्ष हवाच. मग तो सामना दूरचित्रवाणीवर दाखविल्याबद्दल येणारा पैसा कोणाचा?

स्पेनमध्यें २०१५ पर्यंत फुटबॉलचा प्रत्येक संघ आपले हक्क स्वतंत्रपणें विकी. साहजिकच रेआल माद्रिद व बार्सेलोना यांच्या पदरांत सिंहाचा वांटा पडे. त्या वर्षीं सरकारी हुकुमानें तेथें एकत्रित विक्री आली.

आज वीस संघ असलेल्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें मात्र १९९२ मधील स्थापनेपासूनच हा मार्ग धरला. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचे तिनें तीन भाग ठरविले: निम्मा सर्वांस समान, पाव क्रमांकानुसार, म्हणजे शेवटच्यास एक हिस्सा तर पहिल्यास वीस, उरलेला पाव ज्याचे जितके सामने दाखविले जातील त्या मानानें.

खरी कसोटी लागते ती तळाशीं. दरवर्षीं तीन संघ खालच्या वर्गांत जातात. उत्पन्न आटतें, पण खेळाडूंशीं केलेले करार सुटत नाहींत. म्हणून त्यांस कांहीं वर्षें साहाय्य मिळतें. परंतु त्या वर्गांतील इतर संघांस मग त्यांच्याशीं असमान झुंज द्यावी लागते. एकाचा आधार तोच दुसऱ्याचा अडथळा ठरतो.